मुंबई भारी की महाराष्ट्र?



रणजी करंडकाचा मोसम जवळ आला, की आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, बरं का!) क्रिकेटवेड्यांची मोठी पंचाईत होते. बाजू घ्यायची कुणाची? आपल्या एका राज्यातून रणजीत तीन संघ उतरतात. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा आणि तिसरा महाराष्ट्राचा. या तिसऱ्याचा कारभार चालतो पुण्याहून, आणि आपला जिल्हा त्यातच मोडतो. म्हणजे आपला संघ महाराष्ट्र. विषय संपला?

छे! विषय तिथंच सुरू होतो. झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा. पण तो रणजी खेळला आधी बडोद्याकडून आणि मग मुंबईकडून. अजिंक्य रहाणे जन्मला संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला, वाढला डोंबिवलीत आणि खेळला मुंबईकडून. घरचा संघ एकीकडं आणि घरची माणसं दुसरीकडं! लग्नात वराकडचे आणि वधूकडचे असे दोन्हीकडून पाहुणे असलेल्या माणसाची जेवायला बसताना जी गत होते, तीच आपली.

आमच्या शाळेत यावरून दरवर्षी जुंपते. २०२५ सालच्या मोसमाआधी तर जरा जास्तच जुंपली, कारण पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडं आला होता. खिचडीची ताटं धुऊन झाली, की सहावी-सातवीची पोरं कडुनिंबाखाली दोन तट पाडून बसायची. मुंबईवाले आणि पुणेवाले.

“आमच्याकडं ऋतुराज, शॉ, अंकित बावणे, अर्शिन कुलकर्णी!”

“आमच्याकडं रहाणे, सरफराज, मुशीर, आयुष म्हात्रे! २०२४ ला तुमच्यावरच १७६ ठोकले होते त्यानं, विसरला काय?”

ही गोष्ट खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत झालेल्या त्या सामन्यात महाराष्ट्राचा पहिला डाव १२६ धावांत आटोपला होता. सतरा वर्षांच्या आयुषनं एकट्यानं त्यापेक्षा पन्नास धावा जास्त केल्या. मुंबई ९ गडी राखून जिंकली. त्यामुळं पुणेवाल्यांची बोलती जरा बंद झाली. पण मग एकानं ऋतुराजच्या दुसऱ्या डावातल्या १४५ धावा काढल्या आणि पुन्हा गलका सुरू.

मी आपला ऐकत होतो. दोन्हीकडचे फलंदाज मोजून झाले, त्यांची शतकं मोजून झाली, कोणाची बॅट कुठल्या कंपनीची हेसुद्धा झालं. तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला, “बरं, तुमचा चौथा गोलंदाज कोण?”

मुंबईवाल्यांनी शार्दुल ठाकूर सांगितला, तुषार देशपांडे सांगितला, मग शम्स मुलानी आणि तनुष कोटियन. ती पोरं तयारीची निघाली. पुणेवाले मुकेश चौधरीपाशी अडले. मग कुणाला तरी रजनीश गुरबानी आठवला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा तो हाच. मग विकी ओस्तवाल. आणि केरळहून नुकताच आलेला जलज सक्सेना मात्र कुणालाच आठवेना. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असं दोन्ही करणारा पहिला खेळाडू! आठवेना, कारण तो काही टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, चौथा-पाचवा गोलंदाज एवढा कशाला हवा? पहिले दोघं तेज असले म्हणजे झालं.

चला, गणित करू. रणजीचा साखळी सामना चार दिवसांचा. दिवसाला ९० षटकं. समजा समोरचा संघ दिवसभर बाद झाला नाही. चारच गोलंदाज असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस षटकं, म्हणजे १३५ चेंडू. तेही ऑक्टोबरच्या उन्हात, लांबून पळत येऊन. पाच गोलंदाज असले तर अठरा षटकं. सहा असले तर पंधरा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, बरं का! म्हणून कर्णधार पहिल्यांदा काय पाहतो, तर आपल्याकडं चेंडू टाकणारे हात किती आहेत.

गोलंदाजांचे हाल कसे होतात याचा एक जुना किस्सा सांगतो. किस्सा मुंबई आणि महाराष्ट्राचाच आहे. मार्च १९४९, रणजीचा उपांत्य सामना, पुण्यात. मुंबईनं पहिल्या डावात केल्या ६५१ धावा. माधव मंत्री यांचं द्विशतक. महाराष्ट्रानं उत्तर दिलं ४०७. मग मुंबईनं दुसऱ्या डावात काय करावं? ८ बाद ७१४ आणि डाव घोषित! उदय मर्चंट आणि दत्तू फडकर या दोघांनी दोन्ही डावांत शतकं काढली. महाराष्ट्राचे रेगे काही कमी नव्हते, त्यांनीही दोन्ही डावांत शतकं काढली. महाराष्ट्राचा शेवटचा डाव ६०४. सामना चालला सात दिवस. चारही डावांची बेरीज करा पाहू. २३७६. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यात एवढ्या धावा आजवर दुसरीकडं कुठंच झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली.

नऊ शतकं त्या सामन्यात. शतकवीरांची नावं पुस्तकात आहेत, आणि असायलाच हवीत. पण मला त्या सात दिवसांत चेंडू टाकणाऱ्यांची आठवण येते. सदतीस गडी बाद झाले, ते काय आपोआप झाले? सातव्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना त्यांच्या खांद्यांनी काय म्हटलं असेल!

त्याच मोसमात, म्हणजे डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यातच महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी. आणि काठियावाडच्या कर्णधारानं पुढं खेळायलाच नकार दिला, सामना सोडून दिला! त्याचं चुकलंच, असं माझं मत आहे. पण त्याच्या गोलंदाजांना विचारलं असतं, तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं बहुतेक.

आता जरा अलीकडं या. २१ जुलै २०११. इंग्लंडमधलं लॉर्ड्स मैदान. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपण विश्वचषक जिंकलो होतो आणि त्यात झहीरचे २१ बळी होते, सर्वांत जास्त, पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं. भारताची सगळी गोलंदाजी म्हणजे झहीर, असं म्हटलं तरी चालेल असे ते दिवस. पहिल्याच दिवशी त्यानं दोन गडी टिपले. साडेतेरा षटकं, अवघ्या १८ धावा. आणि मग तो थांबला. मांडीचा मागचा स्नायू दुखावला होता. लंगडत बाहेर गेला तो गेलाच, त्या मालिकेत परत खेळू शकला नाही.

राहिले कोण? प्रवीणकुमार, इशांत आणि हरभजन. तिघं. पुढं काय झालं असेल, सांगा पाहू? कर्णधार धोनीनं चक्क यष्टिरक्षणाचे पॅड सोडले, ग्लोव्ह्ज राहुल द्रविडच्या हातात दिले आणि स्वतः चेंडू टाकायला आला! आठ षटकं टाकली त्यानं. लोकांना गंमत वाटली. मला मात्र पोटात कालवलं. यष्टिरक्षकाला गोलंदाजी करावी लागते, म्हणजे घरातलं धान्य संपलं आणि बियाण्याच्या पोत्याला हात घातला! इंग्लंडनं ८ बाद ४७४ केल्या, पीटरसन नाबाद २०२. तो सामना आपण १९६ धावांनी हरलो आणि मालिका ४-०.

हे झालं श्रीरामपूरचं. आता आश्वी खुर्दची गोष्ट.

२०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत संपला. ३६! विराट कोहली घरी परतला आणि कर्णधारपद आलं अजिंक्य रहाणेकडं. मेलबर्नला त्यानं ११२ केल्या, आपण जिंकलो. पण गोलंदाज एकामागून एक गळायला लागले. शमीचा हात मोडला. उमेश यादव गेला. मग जडेजा, अश्विन, बुमराह. चौथ्या कसोटीसाठी ब्रिस्बेनला पोचेपर्यंत पहिल्या फळीतला एक गोलंदाज शिल्लक नव्हता. रहाणेच्या हाती होते सिराज, सैनी, शार्दुल ठाकूर, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर. या पाचजणांचा मिळून कसोटीचा अनुभव किती? चार सामने! त्यातला शार्दुलचा एक सामना म्हणजे २०१८ मध्ये हैदराबादला टाकलेले दहा चेंडू. अकराव्याआधीच तो जखमी झाला होता. नटराजन आणि सुंदर तर पहिल्यांदाच उतरत होते. ते दौऱ्यावर थांबले होते नेटमध्ये आपल्या फलंदाजांना सराव देण्यासाठी.

त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून एकही कसोटी हरली नव्हती. पण या पाचजणांनी दोन्ही डावांत मिळून वीसच्या वीस गडी बाद केले. सिराजचे दुसऱ्या डावात पाच. वर शार्दुल आणि सुंदर यांनी पहिल्या डावात फलंदाजी करताना सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या, त्या वेगळ्याच. १९ जानेवारी २०२१ ला ३२८ धावांचा पाठलाग करून आपण ३ गडी राखून जिंकलो.

दोन्ही वेळा माणसं जखमी झाली होती. फरक पडला तो त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसांचा. मागं कोण होतं, कुठं होतं, कुणी तयार केलं होतं? ही पोरं अशाच रणजीच्या सामन्यांतून वर आली होती. कुणी तमिळनाडूच्या खेड्यातून, कुणी हैदराबादच्या रिक्षावाल्याच्या घरातून, कुणी आपल्या पालघरहून. टीव्हीवर न दिसणाऱ्या सामन्यांत त्यांनी षटकांमागून षटकं टाकली होती.

आणि गोलंदाज खोलवर असले की फलंदाजीसुद्धा खोल होते, हे मुंबईनं फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवलं. बडोद्याविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. दुसऱ्या डावात नऊ गडी बाद. आता दहाव्या आणि अकराव्या नंबरचे कोटियन आणि देशपांडे काय करणार? तर त्यांनी दोघांनीही शतकं ठोकली! कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३, भागी २३२ धावांची. पुढच्या महिन्यात रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईनं वानखेडेवर विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा करंडक उचलला. महाराष्ट्राकडं करंडक आला तो दोनदाच, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. हा आकडा सांगितला की आमचे पुणेवाले गप्प होतात. मीही त्यांच्यातलाच, काय करणार!

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्यांचा मोसम केवढा? एकेका संघाला १६२ सामने! संघात २६ खेळाडू आणि त्यातले तेरापर्यंत नुसते पिचर. साधारण पाचजण आळीपाळीनं सामना सुरू करतात. आज ज्यानं सुरुवात केली, तो पुढचे चार-पाच दिवस हात शेकत बसतो. तिथं मोसमाआधी लोक पोटतिडकीनं वाद घालतात तो याच गोष्टीवर. तुमचा पाचवा पिचर कोण? पहिला दमला तर मागून कोण येणार? आमच्या कडुनिंबाखालच्या पोरांना तिथं नेऊन बसवलं तर भाषा कळणार नाही, भांडण मात्र बरोबर कळेल.

पण त्यांची मला खरी आवडलेली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या लहान मुलांच्या ‘लिटल लीग’मध्ये चेंडू मोजतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ पेक्षा जास्त चेंडू फेकू देत नाहीत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५. आणि ६६ किंवा त्याहून जास्त फेकले तर चार दिवस विश्रांती, मग अंतिम सामना असो नाहीतर काही असो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानंही मुलांसाठी अशी मर्यादा आखून दिली होती. तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजानं सलग पाच षटकं आणि दिवसभरात दहा, बस्स.

हे वाचून मी आमच्या शाळेत एक उद्योग केला. आमच्याकडं सातवीत एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, लाजतो. चेंडू असा टाकतो की मोठी माणसंसुद्धा मागं सरकतात. गावातली कॉलेजची पोरं रोज संध्याकाळी त्याला बोलावतात. ते फलंदाजी करणार आणि हा टाकणार. सहावीतल्या दोन मुलींना मी बांधावर बसवलं आणि पाटीवर रेघा मारायला सांगितल्या. एका संध्याकाळचे चेंडू झाले १३८. म्हणजे तेवीस षटकं! मघाशी आपण रणजीच्या गोलंदाजाचं गणित केलं ना, त्याच्यापेक्षाही जास्त. वय वर्षं बारा.

पालकांसाठी म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. वेगानं चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीरावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्याच क्षणी कंबर वाकते आणि पिळली जाते. वाढत्या वयात हाडं पुरती टणक झालेली नसतात. रोजच्या रोज हा मारा झाला तर पाठीच्या मणक्याला बारीक चीर जाते. सुरुवातीला नुसती कंबर दुखते. पोरगं सांगत नाही, सांगितलं तर खेळायला बंद करतील म्हणून.

मी त्याच्या वडलांना भेटलो. बाजरी काढायचं चाललं होतं. म्हणाले, “अहो गुरुजी, पोरगं सरपणाची मोळी आणतंय डोक्यावर. चेंडूनं काय व्हायचंय?”

मी गोठ्यातल्या गोऱ्ह्याकडं बोट केलं. “याला नांगराला जुंपलंत का अजून?”

“आदत आहे हो तो. दोन दात तर येऊ द्या.”

मी काही बोललो नाही. तेही नाही. थोड्या वेळानं हसले, आणि चहा सांगितला.

मोठ्या पोरांना त्यांनीच समज दिली. पण मुलगा माझ्यावर रुसला. “सर, मी नाही टाकला तर हरतो की आपण!” त्याचंही खरंच होतं. शेजारच्या वाडीच्या संघाकडं तीन बरे गोलंदाज आणि आमच्याकडं हा एकटा. मग शोध सुरू केला. दगड मारून चिंचा पाडणारा एक डावखुरा सापडला. त्याचा नेम चांगला, पण हात वाकतो, तो सरळ करायला वेळ लागेल. बांधावर बसून रेघा मारणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, “सर, मी टाकून बघू?” तिचा चेंडू हळू येतो, पण टप्पा एक वीतसुद्धा हलत नाही. भल्याभल्यांनी तिला उचलून मारायला जाऊन झेल दिले. वाडीविरुद्धचा पुढचा सामना आम्ही हरलो. तरी आमच्या पठ्ठ्यानं दोनच षटकं टाकली आणि बाकीची चौघांनी वाटून घेतली. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल.

अरे हो, ते कडुनिंबाखालचं भांडण राहिलंच की! ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंज्याला मोसमाआधीचा सराव सामना झाला, मुंबईविरुद्ध महाराष्ट्रच. शॉनं आपल्या जुन्या संघाविरुद्ध १८१ केल्या, अर्शिननं १८६. दोघांची सलामी ३०५ धावांची! दुसऱ्या दिवशी पुणेवाले शाळेत असे आले की जणू करंडकच घेऊन आले. मग आठवड्याभरात खरा सामना सुरू झाला, तिरुअनंतपुरमला, केरळविरुद्ध. महाराष्ट्राची धावसंख्या शून्य आणि बाद तीन! शॉ शून्यावर, अर्शिन शून्यावर. मुंबईवाल्यांनी पाटीवर एवढं मोठं भोपळ्याचं चित्र काढलं. पण डाव सावरला ऋतुराजनं ९१ करून, आणि त्याच्या जोडीला ४९ धावा करणारा होता कोण? कुणालाच न आठवलेला जलज सक्सेना, तोही आपल्या जुन्या केरळच्या संघापुढं! महाराष्ट्र २३९, केरळ २१९. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातली आघाडी महाराष्ट्राची.

आता तुमच्यासाठी कोडं. वीस षटकांचा सामना आहे. एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटकं टाकता येतात. तुमच्या संघात पाचच गोलंदाज आहेत आणि त्यातला एक १ षटक ४ चेंडू टाकून पाय मुरगळून बाहेर गेला. बाकीच्या चौघांनी आपापली चारही षटकं पूर्ण टाकली. तर सहाव्या माणसाला किती चेंडू टाकावे लागतील? आणि तुमच्या संघात तो सहावा कोण, त्याचं किंवा तिचं नावही उत्तराखाली लिहा. कार्डावर शाळेचं नाव आणि इयत्ता विसरू नका. उत्तर पुढच्या अंकात.